बाहेरचे कंपोनंट जोडल्यावर ईएक्सई क्रॅश होते: कोणत्या क्रमाने तपासायचं

स्वतःचा कोड नीट चालत असतो. मग त्यात एखादी बाहेरची लायब्ररी येते: रिपोर्टसाठी, पीडीएफसाठी, एखाद्या यंत्राशी बोलण्यासाठी. बिल्ड होतं, एकही एरर येत नाही, आणि ईएक्सई चालवली की खिडकी दिसायच्या आत प्रोग्राम बंद. किंवा आपल्या मशीनवर तासन्‌तास चालतो आणि दुसऱ्याच्या मशीनवर पहिल्याच क्लिकला मरतो.

अशा वेळी बहुतेक जण एकाच संध्याकाळी चार गोष्टी करतात. कंपोनंट काढून पुन्हा टाकतात, कुठून तरी डीएलएल (प्रोग्राम चालताना जोडली जाणारी लायब्ररी फाइल) उतरवून सिस्टिम फोल्डरमध्ये ठेवतात, ऑप्टिमायझेशन बंद करतात, कंपायलर अपडेट करतात. क्रॅश थांबला तर कशामुळे थांबला ते कळत नाही. नाही थांबला तर मूळ स्थितीही हातची गेलेली असते. मी ज्या ज्या किचकट क्रॅशमध्ये अडकलो, त्यातल्या बहुतेकांत वेळ खाल्ला तो चुकीने नाही, तर चुकीच्या क्रमाने तपासल्याने. म्हणून हा लेख क्रमावर आहे. उदाहरणं विंडोजवरच्या सी++ आणि डेल्फीची आहेत, कारण हा त्रास तिथे सर्वाधिक होतो.

## तयारी: काहीही बदलण्याआधी

१. क्रॅश होणारी ईएक्सई, तिच्यासोबतच्या सगळ्या डीएलएल आणि त्याच बिल्डची पीडीबी किंवा मॅप फाइल (मशीन कोडमधला पत्ता सोर्सशी जोडून देणारी) एका वेगळ्या फोल्डरमध्ये कॉपी करून ठेवा. सोर्स कमिट करा.

२. रिलीज बिल्डसाठीही सिंबॉल (म्हणजे हीच पीडीबी किंवा मॅपमधली माहिती) तयार होत आहेत ना ते बघा. अनेक प्रोजेक्टमध्ये ते फक्त डीबगसाठी चालू असतात. सी++ मध्ये पीडीबी तयार केल्याने कोड हळू चालत नाही, त्यामुळे ती बंद ठेवण्याचं काही कारण नाही.

३. बाहेरच्या प्रत्येक कंपोनंटची एक ओळ लिहा: नाव, आवृत्ती, ३२-बिट की ६४-बिट, कोणत्या कंपायलरने बनवलेला, स्टॅटिक की डीएलएल, सोर्स हाताशी आहे का. ही यादी कंटाळवाणी वाटते, पण ती लिहितानाच बऱ्याचदा उत्तर सापडतं. एक ओळ भरताच येत नाही, आणि नेमका तोच कंपोनंट दोषी निघतो.

४. क्रॅश हमखास घडवणारी कृती ठरवा. ‘कधी कधी होतो’ यावर काम करता येत नाही. दहापैकी तीन वेळा होत असेल तर तो आकडा लिहून ठेवा, म्हणजे पुढच्या बदलाने फरक पडला का ते सांगता येईल.

इशारा: नंतर पुन्हा बिल्ड करून मिळालेली पीडीबी जुन्या ईएक्सईला चालत नाही. प्रत्येक बिल्डची ओळख वेगळी असते आणि डीबगर ती तपासतो. सोर्स तोच असला तरी नाही चालत.

## टप्पा १: कोसळतंय नक्की कोण?

‘बिल्ड करताना क्रॅश होतो’ या वाक्याचे तीन वेगळे अर्थ निघतात, आणि लोक ते एकत्र करतात. कंपायलर किंवा लिंकर पडतो का, आयडीई (कोड लिहिण्याचा आणि बिल्ड करण्याचा प्रोग्राम) पडतो का, की तयार झालेली ईएक्सई पडते?

याची चाचणी सोपी आहे. आयडीई पूर्ण बंद करा आणि तोच प्रोजेक्ट कमांड लाइनवरून एमएसबिल्डने बिल्ड करा. तिथे बिल्ड सुरळीत झालं, पण आयडीईत फॉर्म उघडताच सगळं बंद पडत असेल, तर दोष कंपोनंटच्या डिझाइन-टाइम भागात आहे. डिझाइन-टाइम पॅकेज आयडीईच्याच प्रोसेसमध्ये लोड होतं. त्याचा कोड चुकला की आयडीई जातो, तुमचा प्रोग्राम कितीही निर्दोष असला तरी. शिवाय त्या पॅकेजची बिटसंख्या आयडीईशी जुळावी लागते, तुमच्या टार्गेटशी नाही. म्हणून ३२-बिट आयडीईत बसून ६४-बिट प्रोग्राम बनवताना एकाच कंपोनंटचे दोन्ही प्रकार लागतात.

कमांड लाइनवरही कंपायलर पडला तर मधल्या फाइली, म्हणजे ओबीजे, डीसीयू, पीसीएच, सगळ्या हाताने पुसा आणि पुन्हा बिल्ड करा. ‘क्लीन’ बटणावर विसंबू नका, ते प्रोजेक्टला माहीत असलेल्याच फाइली पुसतं.

इथेच लिंकरच्या संदेशांकडेही बघा. एलएनके२०३८ म्हणजे दोन तुकडे वेगवेगळ्या रनटाइमने (प्रोग्रामला चालताना लागणारी कंपायलरची मूळ लायब्ररी) किंवा वेगळ्या डीबग पातळीने बनलेले आहेत. एलएनके४०९८ म्हणजे दोन रनटाइम लायब्ररी एकमेकींशी भांडत आहेत. पहिला एरर असल्याने थांबावं लागतं. दुसरा नुसता इशारा असतो, म्हणून लोक तो दाबून टाकतात. तो इशारा दाबून तयार केलेली ईएक्सई पुढे पडली तर नवल नाही.

तपासा: या तिघांपैकी कोण, हे एका वाक्यात लिहिता येत असेल तरच पुढे जा. पुढचे टप्पे ईएक्सई पडते असं धरून आहेत.

## टप्पा २: पुरावा गोळा करा

इव्हेंट व्ह्यूअर उघडा, विंडोज लॉग्जमधला ॲप्लिकेशन विभाग, इव्हेंट क्रमांक १०००. त्यात तीन गोष्टी उतरवून घ्या: फॉल्टिंग मॉड्यूल, एक्सेप्शन कोड आणि फॉल्ट ऑफसेट. प्रोग्राम नुसता गायब होत असेल, एकही खिडकी येत नसेल, तरी ही नोंद बहुतेक वेळा सापडते.

मग डंप मिळवा, म्हणजे क्रॅशच्या क्षणी मेमरीत काय होतं त्याची फाइल. विंडोज एरर रिपोर्टिंगच्या रजिस्ट्री कीखाली लोकलडंप्स नावाची की तयार केली की प्रत्येक क्रॅशला डंप फाइल आपोआप पडते. डंपटाइप २ दिला तर पूर्ण मेमरी येते. फोल्डर दिला नाही तर वापरकर्त्याच्या लोकल ॲपडेटामधल्या क्रॅशडंप्स फोल्डरमध्ये फाइली जातात आणि शेवटच्या १० जपल्या जातात. रजिस्ट्रीला हात लावायचा नसेल तर प्रॉकडंप हे छोटं साधन तेच काम करतं. एक अट आहे: प्रोग्राममध्ये स्वतःचा क्रॅश पकडणारा कोड असेल तर लोकलडंप्स चालत नाही.

डंप विनडीबीजीमध्ये उघडून ‘ॲनलाइझ’ कमांड द्या आणि कॉल स्टॅक, म्हणजे कोणत्या फंक्शनने कुणाला बोलावलं त्याची साखळी, बघा. पण सगळ्यात वरच्या ओळीवर झडप घालू नका. वरची ओळ म्हणजे प्रोग्राम जिथे पडला ती जागा. चूक कुठे झाली हे ती नेहमीच सांगत नाही. स्टॅकमध्ये खाली उतरत जा आणि तुमचा कोड व बाहेरचा कोड एकमेकांना भेटतात ती ओळ शोधा. पुढच्या सगळ्या तपासाचं केंद्र तीच आहे.

## टप्पा ३: एक्सेप्शन कोड वाचा, आणि कधी पडलं ते बघा

एक्सेप्शन कोडमुळे निम्म्या शक्यता बाद होतात. नेहमी भेटणारे असे आहेत:

- सी००००१३५: लागणारी डीएलएल सापडली नाही.
- सी०००००७बी: चुकीच्या स्वरूपाची फाइल लोड झाली. बहुतेक वेळा ६४-बिट प्रोग्रामला ३२-बिट डीएलएल मिळालेली असते, किंवा उलट.
- सी००००१३९: डीएलएल सापडली, पण हवं ते फंक्शन तिच्यात नाही. म्हणजे आवृत्ती वेगळी.
- सी००००१४२: डीएलएल लोड झाली, पण तिची सुरुवातीची तयारीच फसली.
- सी०६डी००७ई आणि सी०६डी००७एफ: डिले-लोड केलेली डीएलएल किंवा तिच्यातलं फंक्शन मिळालं नाही. हे सुरुवातीला न होता मध्येच, पहिल्या वापराच्या वेळी होतं.
- सी००००००५: नको त्या मेमरीला हात लागला.
- सी०००००एफडी: स्टॅक संपला. बहुधा अमर्याद रिकर्शन, किंवा फंक्शनच्या आत भलामोठा ॲरे.
- सी००००३७४: हीप (प्रोग्राम चालताना मागून घेतो त्या मेमरीचा साठा) बिघडलेला आढळला.
- सी००००४०९: प्रोग्रामने स्वतःला तातडीने थांबवलं.
- ई०६डी७३६३: सी++ चं एक्सेप्शन कुणी पकडलं नाही. डेल्फीत याची जागा ०ईईडीएफएडीई घेतं.

यातले दोन कोड फार फसवतात. सी००००३७४ सोबत मॉड्यूल म्हणून एनटीडीएलएल दिसतं, आणि लोक विंडोजला दोष देऊन अपडेट काढत बसतात. एनटीडीएलएलने फक्त बिघाड पकडला, केला दुसऱ्याच कुणीतरी, आणि तोही कदाचित पाच मिनिटं आधी. दुसरा सी००००४०९. याचं अधिकृत नाव स्टॅक बफर ओव्हररन असं आहे, म्हणून सगळे ॲरेच्या सीमा तपासू लागतात. पण फॉल्टिंग मॉड्यूल यूसीआरटीबेस (सी रनटाइमची डीएलएल) असेल तर बहुतेक वेळा कुणीतरी ॲबॉर्ट बोलावलेलं असतं, म्हणजे न पकडलेलं एक्सेप्शन. आधी ते शोधा.

मॉड्यूलच्या नावापुढे ‘अनलोडेड’ असं चिकटलेलं दिसलं तर डीएलएल मेमरीतून गेल्यावर तिचा कोड कुणीतरी बोलावला. हे प्रोग्राम बंद करताना घडतं: कंपोनंटचा थ्रेड अजून चालू असतो आणि आपण लायब्ररी मोकळी करून टाकतो.

पत्त्याकडेही बघा. वाचताना पडलेला पत्ता शून्य किंवा शून्याच्या अगदी जवळचा असेल तर पॉइंटर रिकामा होता. व्हिज्युअल सी++ च्या डीबग बिल्डमध्ये ‘सीडी सीडी सीडी सीडी’ दिसलं तर हीपवरची मेमरी घेतली पण भरली नाही, ‘सीसी सीसी सीसी सीसी’ असेल तर स्टॅकवरचं व्हेरिएबल कोरंच राहिलं, आणि ‘डीडी डीडी डीडी डीडी’ असेल तर ती मेमरी आधीच परत केलेली आहे. हे आकडे ओळखता आले की पुढची दिशा लगेच मिळते.

आता वेळ. मुख्य फंक्शनच्या आधीच पडलं तर टप्पा ४. मुख्य फंक्शन सुरू झालं, पण कंपोनंटच्या पहिल्याच कॉलला पडलं तर टप्पा ५ आणि ६. बराच वेळ चालून भलत्याच जागी पडलं तर थेट टप्पा ७.

## टप्पा ४: योग्य डीएलएल लोड होते आहे का?

फाइल फोल्डरमध्ये आहे याचा अर्थ तीच लोड झाली असा होत नाही. हे वाक्य टेबलासमोर चिकटवून ठेवावं इतकं खरं आहे.

१. डम्पबिनने ईएक्सईच्या डिपेंडंट्सची यादी काढा, किंवा डिपेंडन्सीज नावाच्या मुक्त साधनात ती उघडा. जुना डिपेंडन्सी वॉकर आताच्या विंडोजवर खोट्या एररांचा पाऊस पाडतो, तो टाळा. लक्षात ठेवा, प्रोग्राम चालू असताना लोडलायब्ररीने उचललेल्या डीएलएल डम्पबिनच्या यादीत येत नाहीत.

२. म्हणून प्रोसेस मॉनिटर लावा. तुमच्या ईएक्सईचं नाव आणि शेवटी डीएलएल असलेले पाथ, एवढाच फिल्टर ठेवा. ‘नेम नॉट फाउंड’च्या ढीगभर ओळी दिसतील. घाबरू नका, विंडोज एकेक फोल्डर शोधत जातं तेव्हा त्या येतातच. ज्या नावापुढे शेवटपर्यंत एकदाही ‘सक्सेस’ आलं नाही ती डीएलएल आपली.

३. प्रोग्राम तग धरत असेल तर डीबगरच्या मॉड्यूल्स खिडकीत प्रत्येक डीएलएलचा पूर्ण पाथ आणि आवृत्ती वाचा. अपेक्षित फोल्डरबाहेरून आलेली प्रत्येक फाइल संशयित.

शोधाचा साधारण क्रम असा असतो: प्रोग्रामचा स्वतःचा फोल्डर, मग सिस्टिमचे फोल्डर, मग चालू फोल्डर, आणि शेवटी पाथमधले फोल्डर. पण त्याहीआधी एक नियम लागू होतो: त्याच नावाची डीएलएल प्रोसेसमध्ये आधीच लोड असेल तर विंडोज साधारणपणे तीच वापरतं. दोन कंपोनंट आपापली झेडलिब, ओपनएसएसएल किंवा एसक्यूलाइट घेऊन येतात तेव्हा घोटाळा इथे होतो. जी पहिली आली ती दोघांच्या वाट्याला येते. मग एका मशीनवर क्रॅश आणि दुसऱ्यावर नाही, कारण तिथे लोड होण्याचा क्रम वेगळा. दोघांना चालेल अशी एकच आवृत्ती ठरवा आणि ती प्रोग्रामच्या फोल्डरमध्ये ठेवा.

बिटसंख्येचा गोंधळ नावांनी वाढवला आहे. ६४-बिट विंडोजमध्ये सिस्टिम३२ फोल्डरात ६४-बिट डीएलएल असतात आणि सिसवॉव६४ मध्ये ३२-बिट. वर ३२-बिट प्रोग्रामने सिस्टिम३२ मागितलं तर त्याला गुपचूप दुसरीकडे वळवलं जातं. या दोन्ही फोल्डरांत हाताने काहीही टाकू नका. ॲक्टिव्हएक्स कंपोनंट नोंदवताना मात्र हे लक्षात ठेवावंच लागतं: ३२-बिट कंपोनंटला सिसवॉव६४ मधलं रेगएसव्हीआर३२ लागतं.

क्यूटी वापरत असाल तर मुख्य डीएलएल असूनही भागत नाही. प्लॅटफॉर्म्स नावाच्या उपफोल्डरमध्ये क्यूविंडोज प्लगइन नसेल तर प्रोग्राम सुरूच होत नाही. विनडिप्लॉयक्यूटी हे साधन ती मांडणी करून देतं.

इशारा: ‘हरवलेली डीएलएल मोफत मिळवा’ असं सांगणाऱ्या ठिकाणांहून फाइल घेऊ नका. आवृत्ती कोणती, बदल कुणी केला, काही कळत नाही. फाइल घ्यायची ती कंपोनंटच्या मूळ पॅकेजमधूनच.

## टप्पा ५: सगळे तुकडे एकाच साच्यातले आहेत का?

सगळ्यात जास्त चुका या टप्प्यात निघतात, म्हणून इथे वेळ द्या.

डीबग आणि रिलीज मिसळणं. व्हिज्युअल सी++ मध्ये डीबग बिल्डमधल्या स्टँडर्ड स्ट्रिंग आणि व्हेक्टरची मांडणी रिलीजपेक्षा वेगळी असते. तुमच्या डीबग ईएक्सईने व्हेक्टर दिला आणि रिलीज डीएलएलने तो वाचला, तर ती भलतीच बाइट वाचते. स्टॅटिक लायब्ररी असेल तर लिंकर अडवतो. डीएलएल असेल तर कुणीच अडवत नाही. डीबग ईएक्सईला डीबग लायब्ररी, रिलीजला रिलीज. डीबग रनटाइमच्या डीएलएल इतरांना वाटण्याची परवानगीही नसते, त्यामुळे डीबग बिल्ड दुसऱ्या मशीनवर चालवून बघण्याच्या फंदात पडू नका.

रनटाइम जुना असणं. व्हिज्युअल स्टुडिओ २०१५ पासून २०२२ पर्यंतची बिल्ड एकमेकांशी जुळतात हे खरं, पण एका अटीवर: मशीनवरचा रनटाइम वापरलेल्या सर्वांत नव्या टूलसेटइतका (कंपायलर-लिंकरच्या संचाइतका) तरी नवा हवा. व्हिज्युअल स्टुडिओ २०२२ च्या, २०२४ मध्ये आलेल्या १७.१० आवृत्तीने म्यूटेक्सची (थ्रेडसाठीच्या लॉकची) रचना बदलली आणि ही अट अनेकांना महागात पडली. नव्या टूलसेटने बनवलेला प्रोग्राम, शेजारी कुठल्यातरी कंपोनंटने आणलेली जुनी एमएसव्हीसीपी१४० डीएलएल, आणि पहिल्याच लॉकला सी००००००५. कोडात चूक शोधून सापडत नाही, कारण तिथे ती नसतेच. फॉल्टिंग मॉड्यूल एमएसव्हीसीपी१४० असेल तर आधी त्या फाइलची आवृत्ती आणि पाथ बघा.

हेडर एका आवृत्तीचं, लायब्ररी दुसरीची. लायब्ररी अपडेट केली, पण इन्क्लूड पाथमध्ये जुनं फोल्डर आधी आहे. बिल्ड होतं, कारण फंक्शनची नावं तीच आहेत. पण एखाद्या क्लासमध्ये नवीन सदस्य आला असेल तर तुमचा कोड त्याला कमी जागा देतो आणि लायब्ररी शेजारच्या जागेत लिहिते. कंपायलरचा शोइन्क्लूड्स पर्याय चालू करून हेडर नेमकं कुठून येतं ते वाचा.

डेल्फीतले जुने डीसीयू (कंपाइल झालेल्या युनिटच्या फाइली). लायब्ररी पाथमध्ये एकाच युनिटच्या दोन-तीन प्रती पडलेल्या असतात. कधी ‘वेगळ्या आवृत्तीने कंपाइल झालं’ असा एफ२०५१ एरर येतो, पण सोर्स न बदलता नुसता पर्याय बदललेला असेल तर तोही येत नाही. संपूर्ण डिस्कवर त्या डीसीयूचं नाव शोधा आणि एकच प्रत उरू द्या.

रनटाइम पॅकेजांचा नियम कडक आहे: ईएक्सई आणि तिच्या डीएलएल सगळ्यांनी पॅकेज वापरावीत, किंवा कुणीच वापरू नयेत. निम्म्यांनी वापरली तर एकाच क्लासच्या दोन प्रती मेमरीत येतात. ‘टीफॉन्ट हा टीफॉन्टला देता येत नाही’ असा अजब संदेश दिसला तर कारण हेच, दोन्ही टीफॉन्ट खरोखरच वेगळे आहेत.

तपासा: तयारीत लिहिलेली यादी आता पुन्हा घ्या. प्रत्येक ओळीपुढे कंपायलर, बिटसंख्या आणि डीबग की रिलीज हे तुमच्या ईएक्सईशी जुळतं का, अशी खूण करा. एकही खूण बाकी असेल तर पुढचे टप्पे करू नका.

## टप्पा ६: सीमेवरचे नियम

दोन मॉड्यूल ज्या कॉलमध्ये भेटतात, ती ओळ टप्पा २ मध्ये सापडलेली आहे. तिच्यावर हे प्रश्न विचारा.

कॉलिंग कन्व्हेन्शन, म्हणजे फंक्शन बोलावण्याचा नियम, जुळतं का? ३२-बिटमध्ये एसटीडीकॉल असेल तर बोलावलेलं फंक्शन स्टॅक साफ करतं, सीडेक्ल असेल तर बोलावणारा करतो. जुळलं नाही की कॉल बिनबोभाट पार पडतो आणि प्रोग्राम परत येताना पडतो. ६४-बिट विंडोजवर हा फरक उरत नाही, त्यामुळे ‘६४-बिट चालतं, ३२-बिट पडतं’ असं असेल तर पहिला संशय इथे घ्या.

स्ट्रक्चरचा आकार दोन्हीकडे सारखा आहे का? दोन्ही बाजूंनी साइझऑफ छापा, आणि नुसता एकूण आकार नाही, शेवटच्या दोन-तीन सदस्यांचे ऑफसेटही छापा. पॅकिंगचा फरक, बूलचा आकार, एनमचा आकार, सगळं इथे उघडं पडतं.

पॉइंटर पूर्णांकात कोंबला आहे का? विंडोजवर लाँग हा प्रकार ६४-बिट बिल्डमध्येही ३२ बिटांचाच असतो. जुन्या कोडात पॉइंटर लाँगमध्ये ठेवलेला असला की वरचे ३२ बिट गळतात. प्रोग्राम लहान असताना पत्तेही लहान असू शकतात, म्हणून चाचणीत हे निसटतं आणि मोठ्या डेटावर फुटतं.

मेमरी कुणी घेतली आणि कुणी परत केली? ज्या मॉड्यूलने घेतली त्यानेच परत करायची. डीएलएलने दिलेला पॉइंटर आपण डिलीट केला, आणि दोघांचे रनटाइम वेगळे असले, की हीप बिघडतो. लायब्ररीत ‘फ्री’ किंवा ‘डिस्ट्रॉय’ नावाचं फंक्शन उगीच दिलेलं नसतं. डेल्फीच्या स्ट्रिंग डीएलएलच्या सीमेपलीकडे द्यायच्या तर दोन्हीकडे एकच मेमरी मॅनेजर हवा, त्यापेक्षा साधा कॅरॅक्टर पॉइंटर द्यावा. तो देतानाही डेल्फी २००९ पासून पीचार दोन बाइटच्या अक्षरांचा झाला आहे हे विसरू नका. जुन्या सी लायब्ररीला पीॲन्सीचार लागतो.

एक्सेप्शन सीमा ओलांडतं का? कॉलबॅकमध्ये (लायब्ररी तुमचं जे फंक्शन बोलावते त्यात) तुमचं एक्सेप्शन उडालं आणि ते सी मध्ये लिहिलेल्या लायब्ररीतून वर जाऊ लागलं तर काय होईल याची कुणीच हमी देत नाही. प्रत्येक कॉलबॅकच्या आत सगळं पकडा आणि एरर कोड परत करा. तो कॉलबॅक कोणत्या थ्रेडवर येतो तेही तपासा. यंत्रांशी बोलणाऱ्या लायब्ररी हमखास स्वतःच्या थ्रेडवरून बोलावतात आणि आपण तिथून थेट खिडकीतलं लेबल बदलायला जातो.

डेल्फीसाठी आणखी एक. १२ व्या आवृत्तीआधी डेल्फी फ्लोटिंग पॉइंटची एक्सेप्शन चालू ठेवते, तर सी++ मधल्या लायब्ररी ती बंद आहेत असं धरून लिहिलेल्या असतात. ग्राफिक्स किंवा ब्राउझर कंपोनंट उघडताच ‘इनव्हॅलिड फ्लोटिंग पॉइंट ऑपरेशन’ आलं तर कॉलआधी सेटएक्सेप्शनमास्कने ती झाका आणि कॉलनंतर पूर्ववत करा.

## टप्पा ७: भलत्याच जागी पडतं तेव्हा

दर वेळी वेगळी जागा, डीबगरमध्ये पडतच नाही, एक ओळ छापायला टाकली की क्रॅश नाहीसा. ही हीप बिघडल्याची लक्षणं. इथे डोळ्यांनी कोड वाचून फारसं हाती लागत नाही, साधन लावावं लागतं.

जीफ्लॅग्ज या साधनाने तुमच्या ईएक्सईसाठी पूर्ण पेज हीप चालू करा. मग प्रत्येक वाटप वेगळ्या पानाच्या काठाला लावलं जातं आणि पुढचं पान बंद असतं. सीमेपलीकडे लिहिलेला बाइट प्रोग्रामला तिथल्या तिथे पाडतो. एखाद-दुसरा बाइट मात्र संरेखनामुळे उरलेल्या जागेत पडून मेमरी परत करेपर्यंत लपू शकतो. मेमरी भरपूर लागते आणि वेग घसरतो, तेवढं सोसा. कोड तुमच्या हातात असेल तर ॲड्रेस सॅनिटायझर त्याहून चांगला, कारण कुठे घेतली, कुठे सोडली, कुठे वापरली हे सगळं तो सांगतो. व्हिज्युअल स्टुडिओ २०१९ च्या १६.९ पासून तो आहे. पण सोर्स नसलेल्या डीएलएलच्या पोटातलं त्याला फारसं दिसत नाही, तिथे पेज हीपच. डेल्फीत फास्टएमएम४ चा फुल डीबग मोड हेच काम करतो.

इशारा: पेज हीपची सेटिंग ईएक्सईच्या नावाने रजिस्ट्रीत राहते, मशीन बंद-चालू केलं तरी. काम झाल्यावर बंद करा. नाहीतर महिन्याभराने ‘प्रोग्राम अचानक हळू झाला’ म्हणून नवा शोध सुरू होतो.

## टप्पा ८: लहान करा

एवढ्यावर सापडलं नाही तर नवा रिकामा प्रोजेक्ट करा, त्यात फक्त तो एक कंपोनंट आणि पडणारा कॉल ठेवा. तिथेही पडलं तर कंपोनंट किंवा त्याची मांडणी दोषी. तिथे पडलं नाही तर फरक तुमच्या प्रोजेक्टच्या पर्यायांत किंवा इतर कंपोनंटांत आहे. मग अर्धे कंपोनंट काढा, चालवा, उरलेल्यातले अर्धे काढा. १६ कंपोनंट असले आणि दोषी एकटाच असला तर चार फेऱ्यांत तो सापडतो. दोघांच्या भांडणातून क्रॅश होत असेल तर फेऱ्या वाढतात, पण पद्धत तीच.

एका फेरीत एकच बदल. आणि प्रत्येक फेरीचा निकाल कागदावर.

## टप्पा ९: कोऱ्या मशीनवर

दुरुस्ती झाली असं वाटलं की जिथे कंपायलर कधीच टाकलेला नाही अशा मशीनवर चालवा. विंडोज सँडबॉक्स यासाठी उत्तम, दर वेळी कोरा उघडतो. विंडोज १० च्या १९०३ आवृत्तीपासून तो प्रो आणि त्यावरच्या प्रकारांत मिळतो. आपल्या मशीनवर रनटाइम, पाथ आणि नोंदवलेले कंपोनंट सगळं आधीच जागेवर असतं, त्यामुळे तिथली चाचणी फार काही सिद्ध करत नाही. चालवायचं तेही इन्स्टॉलरमधून, हाताने फाइली कॉपी करून नाही.

## कंपोनंट बनवणाऱ्याला कळवायचं असेल तर

टप्पा ८ मधला छोटा प्रोजेक्ट, एक्सेप्शन कोड, फॉल्टिंग मॉड्यूल व त्याची आवृत्ती, ऑफसेट, कॉल स्टॅक, कंपायलरची आवृत्ती आणि बिटसंख्या एवढं पाठवा. ‘तुमचा कंपोनंट क्रॅश होतो’ या एका ओळीला ‘आमच्याकडे होत नाही’ एवढंच उत्तर येतं. पूर्ण डंप मात्र विचार न करता पाठवू नका. त्या क्षणी मेमरीत असलेलं सगळं त्यात असतं, पासवर्ड आणि ग्राहकांचा डेटासुद्धा. आधी मिनी डंप द्या. पूर्ण डंप मागितलाच तर खोट्या डेटावर क्रॅश घडवून त्याचा काढा.